वीस टक्क्यांची पाठ

मंडळी, आपली पाठ धरली की ऑफिसात नवी खुर्ची येते. फौजीची गेली की मेडिकल बोर्ड टक्के लावतं. मुदत संपून निवृत्त होताना किमान २० टक्के हवेत, शिवाय दुखणं नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं हवं. २०१४ च्या राम अवतार निकालात सुप्रीम कोर्टानं वीसचे पन्नास धरायला लावले. एकोणीसचे? शून्य! (असा कोड मी लिहिला तर टेस्टर फाडून खाईल.)

आता आमच्या बीडचा पोरगा घ्या. पाटोद्याच्या रस्त्यावर पहाटे पळपळ पळतो, १.६ किलोमीटरची धाव मारतो, वर लष्कराचेच डॉक्टर तपासून फिट म्हणतात. मग पंधरा-सतरा वर्षं ओझी, डोंगर, ट्रकचे हादरे. मणक्यातली गादी सरकते आणि कागदावर शेरा येतो: सेवेशी संबंध नाही. अरे, मग काय सासुरवाडीत सरकली?

२०१३ सालच्या धरमवीर सिंग खटल्यात कोर्टानं १९८२ च्या नियमांवर बोट ठेवून सांगितलं की भरतीवेळी नोंद नसेल तर आजार नोकरीतलाच माना, उलटं सिद्ध करायचं ते सरकारनं. खटला फिट्सचा होता, पण मुद्दा पाठीलाही लागू. नियम २००८ ला बदलले, २०२३ ला पुन्हा बदलले. काही लबाड असतील, त्यांना खुशाल पकडा ना! बाकीच्यांनी का भांडायचं? आणि भांडायचं कुठे, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत. म्हणजे बीडहून रात्रभर एसटी, तीही त्याच कमरेनं.