पासिंग आहे ना, मग झालं!

जुनी मोठी गाडी विकणाऱ्याच्या हातात एक हुकमी पत्ता असतो. गिऱ्हाईक इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलू लागलं, डाव्या दाराच्या रंगावर शंका काढू लागलं, की तो नोंदणीचं स्मार्ट कार्ड पुढे करतो. "दादा, सत्तावीसपर्यंत पासिंग आहे. सरकारनंच लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे?" परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यासारख्या गावात हा पत्ता हमखास चालतो. पुण्या-मुंबईच्या साहेबलोकांनी दहा-बारा वर्षं वापरून सोडलेल्या कोरोला, अकॉर्ड, ऑक्टाव्हिया एमएच-१२, एमएच-१४ च्या पाट्यांसह जिंतूर-जालना रस्त्याला लागतात आणि सोयाबीनच्या पैशांत, लहान गाडीच्या भावात दारापुढे उभ्या राहतात. ऑक्टाव्हिया तर आपल्या मराठवाड्याचीच, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. लग्नाला, मयतीला, बाजार समितीच्या निवडणुकीला अशी गाडी शोभते, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या तारखेबद्दल.

ती तारीख आली कुठून? मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ४१. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. गाडी २०१२ ची असेल तर कार्डावर २०२७ असणारच. गाडी शोरूममधून कोरी बाहेर पडली तेव्हाच ही तारीख ठरून गेली. नंतर ती पुरात बुडाली, उलटली, टँकरवर आदळून अर्धी नवी करून घेतली, तरी तारखेत एका दिवसाचाही फरक पडत नाही. गाडी चालण्याजोगी आहे का, हे सरकार पहिल्यांदा विचारतं ते सोळाव्या वर्षात पाऊल टाकताना. विक्रेता निकालपत्रक म्हणून जे दाखवतो, ती परीक्षा अजून झालेलीच नाही.

मग मालकी बदलताना तरी कुणी पाहतं का? नमुना २९, नमुना ३०, विमा, पीयूसी, आधार. सगळं लक्ष कागदावर. ब्रेकवर पाय कुणी ठेवत नाही. पीयूसीचा आधार घेणारेही भेटतात. पीयूसीत पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. ब्रेक नसलेली गाडीसुद्धा ही परीक्षा पहिल्या नंबरानं पास होईल.

दुसरा पक्ष बसस्टँडमागच्या गॅरेजात भेटतो. तो म्हणतो, पासिंग म्हणजे एजंटाचा धंदा. गाडी न बघता शिक्का मिळतो. त्यापेक्षा आपला मिस्त्री बोनेट उघडून दोन मिनिटांत सांगेल ते खरं. हा आक्षेप हवेतला नाही. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती याच दुखण्यावर: एसटी, ट्रक, टेम्पो यांना नीट चाचणी न घेताच योग्यता प्रमाणपत्रं दिली जातात. २०१६ मध्ये न्यायालयानं बजावलं की ब्रेक तपासायला अडीचशे मीटरचा स्वतंत्र पट्टा हवा. म्हणजे तोवर अनेक ठिकाणी हजारो अवजड वाहनं ब्रेकची खरी चाचणी न देताच रस्त्यावर येत होती. वाचून अंगावर काटा येतो.

पण यातून गॅरेजवाला जो निष्कर्ष काढतो, तो मला मान्य नाही. न्यायालयानं चाचणी मोडीत काढली नाही, ती खऱ्या अर्थानं घ्यायला लावली. शिवाय मिस्त्रीच्या कानाची मी कितीही तारीफ केली, तरी प्रत्येक चाक किती जोरानं थांबतं हे कानाला कळत नाही. ब्रेक तपासायच्या रोलरवर गाडी चढवली की डाव्या चाकाचा ब्रेक किती आणि उजव्याचा किती, हे वेगवेगळं दिसतं. दोन्हींत तफावत असेल तर गावातल्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगात काही जाणवत नाही. मृगाच्या पहिल्या पावसात जालन्याकडे जाताना नव्वदवर करकचून ब्रेक लावला की दीड टनाची गाडी आडवी फिरते. मिस्त्रीनं सांगितलेलं खोटं नसतं, त्याच्याकडे तो रोलर नसतो इतकंच.

तिसरा पक्ष शहाण्यांचा. ते म्हणतात, आता स्वयंचलित चाचणी केंद्रं येताहेत, माणसाचा हात मध्ये राहणार नाही, प्रश्न मिटला. २०२१ मध्ये केंद्रानं त्यांचे नियम केले, ही चांगलीच गोष्ट. पण यंत्र निकाल देतं तो त्याला विचारलेल्या प्रश्नांचाच, आणि जुन्या मोठ्या गाडीचे मुख्य रोग त्या प्रश्नपत्रिकेत नाहीत.

टायरच घ्या. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. साहेबांची गाडी कमी फिरलेली, नक्षी भरपूर, पास! आता टायरच्या कडेला बसून पाहा. 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. तिथे २३१६ असेल तर टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. परभणीच्या चव्वेचाळीस अंशांत इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या रबराला नक्षीच्या फटींत बारीक चिरा पडतात. चारठाण्याचा दगडी स्तंभ शतकानुशतकं ऊन खात उभा आहे. रबराला ते जमत नाही. अशा टायरांवर कुणी जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढतो, ताशी १२० ची मुभा आहे म्हणून काटा तिथवर नेतो, आणि मग टायर फुटला की दोष नशिबाचा.

किंवा टायमिंग बेल्ट. ऑक्टाव्हियाच्या जुन्या १.९ डिझेल इंजिनात तो रबरी पट्टा आहे. ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा. तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. हा पट्टा प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो. झाकण काढायला चाचणी केंद्र सांगत नाही, आणि मीटर मागं फिरवलेलं असेल तर "अजून वीस हजार चालेल" हा हिशोबही चुलीत गेला.

एअरबॅगचं तर बोलूच नका. जानेवारी २०१८ मध्ये होंडानं भारतात २०१३ च्या अकॉर्ड, सिटी आणि जॅझ मिळून २२,८३४ गाड्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा भाग फुकट बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. या एअरबॅगचं जगभर दिसलेलं दुखणं असं, की उष्णतेनं आणि दमटपणानं आतलं रसायन बिघडतं आणि अपघातात फुगवणारी डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाकडे उडतात. गाडी तिसऱ्या मालकाकडे गेलेली असली, तर कंपनीचं पत्र जातं पहिल्याच्या पत्त्यावर. चासी नंबर कंपनीकडे देऊन विचारलं तरच कळतं.

यंत्रावर श्रद्धा असणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. ब्रिटनमध्ये १९६० पासून मोटारींची सक्तीची तपासणी आहे. आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. तिथलं सरकारच स्पष्ट सांगतं की या तपासणीत इंजिन, क्लच नि गिअरबॉक्स यांची अवस्था पाहिली जात नाही. २०२० च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमध्ये गाड्या उचलून तपासायच्या लिफ्टांनाच तडे सापडले आणि मोटारींच्या तपासण्या थांबवाव्या लागल्या. तपासणाऱ्याचीच तपासणी राहून गेली होती! आपल्याकडे हे झालं असतं तर आठवडाभर चर्चेला विषय पुरला असता.

तरीही त्याच ब्रिटनची एक गोष्ट मी डोळे झाकून उचलीन. गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या तपासण्या दिसतात: कधी नापास झाली, कशासाठी झाली, आणि त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता. एका वर्षी ९० हजार आणि पुढच्या वर्षी ६० हजार दिसले, की विक्रेत्याची वकिली तिथेच संपते. चाचणीचा भरवसा एका दिवसाच्या शिक्क्यापेक्षा वर्षानुवर्षं उघड राहणाऱ्या नोंदींवर अधिक टिकतो. दिल्लीनं दुसरी वाट धरली, दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल रस्त्यावरून काढायची. तिथली धडधाकट गाडीही मोडीच्या भावात एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात निघाली आणि मोडकीही त्याच भावात निघाली. वय मोजून गाडीची अवस्था कळत नाही, कार्डावरची तारीख वाचूनही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. खासगी गाडीचा मालक बदलताना यंत्रावर तपासणी झाली पाहिजे, त्या दिवशीचं किलोमीटर नोंदवलं पाहिजे, आणि ती नोंद गाडीच्या नंबरावर कुणालाही पाहता आली पाहिजे. चारठाण्याहून जिंतूर, बोरी, झरी करत तपासणीसाठी परभणीला साठेक किलोमीटर जायचं, दिवस मोडायचा, हा गरिबाला भुर्दंड आहे, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. मग तालुक्याला फिरतं पथक पाठवा. आणि पैशाचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नव्यानं करायला १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले, तेव्हा गरिबाची आठवण कुणाला झाली नाही. तीन-चार लाखांच्या व्यवहारात पाचशे रुपयांची तपासणी कुणालाही जड जाणार नाही.

विकणाऱ्यांनीही ऐकावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीनं मालक तोच. गाडी विकून टाकली, चावी दिली, आता माझा संबंध नाही, हे चालणार नाही.

सरकार जागं होईतो घेणाऱ्यानं एवढं तरी करावं. दिवसभर थंड असलेलं इंजिन स्वतःसमोर सुरू करायला लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरातली. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं खरवडला आहे का, पाहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन जुनी नोंद मागा. आणि इसारपावती करताना त्या दिवसाचं किलोमीटर स्टँपपेपरवर लिहून विकणाऱ्याची सही घ्या. सही करायला तो कां-कूं करू लागला, तर इसाराचे पैसे खिशात ठेवा आणि घरी या.