मान आणि धन

कलावंत स्त्रीला ‘अष्टपैलू’ म्हणून गौरविले, शाल-श्रीफळ दिले, की समाजाचे देणे फिटले, असा आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. ज्योत्स्नाबाई भोळे यांची दीर्घ कारकीर्द हा समज तपासून पाहावयास लावते.

१९१४ साली गोव्यातील बांदिवडे येथे जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई रंगभूमीवर आल्या, तो काळ नाटकमंडळ्यांच्या पडतीचा होता. १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि प्रेक्षकांचा पैसा तिकडे वळू लागला. अशा वेळी, १ जुलै १९३३ रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची प्रथा तेव्हा पुरती मावळली नव्हती. या नाटकात बिंबा साकारली ती एका विवाहित तरुणीने. रात्रभराच्या ताना-आलापांची जागा केशवराव भोळे यांच्या मोजक्या, प्रसंगोचित पदांनी घेतली. पुढे ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांनी गळ्याकडून आणखी निराळी मागणी केली आणि ज्योत्स्नाबाईंच्या भावगीतांनी ती पुरविली. तेव्हा त्यांचे अष्टपैलुत्व ही केवळ दैवी देणगी नव्हे. बदलत्या बाजारपेठेत टिकून राहण्यासाठी घेतलेले ते श्रम होते.

१९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्यांनी भानुमती उभी केली. अभिनयाच्या बळावर मिळवती झालेली पत्नी आणि तिच्या यशाने दुखावलेला नवरा, हा त्या नाटकाचा गाभा. मास्टर कृष्णरावांच्या चाली घरोघरी पोहोचल्या. घरातील स्त्रीची कला ही कमाई मानावयाची की हौस, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

तो आजही सुटलेला नाही. कलावंताच्या मोबदल्यास आपण ‘मानधन’ म्हणतो. वृद्ध कलावंतांना शासन जे मासिक साहाय्य देते, त्याचेही नाव तेच. वेतन ठरलेले असते, ते हक्काने मागता येते; मानधन देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गायक-नटांना ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातील स्वामित्वधनाचा हक्क दिला, हे योग्यच झाले. परंतु ज्यांचा प्रयोग पडद्याबरोबरच संपतो, त्यांना लेखी करार आणि निवृत्तिवेतन यांवाचून कोणता आधार आहे?

ज्योत्स्नाबाई २००१ साली निवर्तल्या. त्यांचे खरे स्मरण करावयाचे, तर कलेला श्रम आणि श्रमाला दाम मानण्यापासून प्रारंभ करावा लागेल. मान त्यामागून आपोआप येईल.