पुडीवरील भाषा

मालाची खरी परीक्षा जीभ करते. परंतु ती पैसे मोजून झाल्यावर. त्यापूर्वीची परीक्षा डोळ्यांनी, म्हणजे वाचून, करावी लागते. पूर्वी दुकानात चहा चिमटीत घेऊन हुंगता येई. आता केवळ चहा-कॉफीच विकणारे व्यापारी दूरच्या शहरांतून घरपोच माल पाठवितात आणि ग्राहकाच्या हाती त्यांच्या शब्दांवाचून दुसरे काही नसते. अशा व्यापाऱ्याची योग्यता कशी ठरवावी? आमचे मत असे की, त्याची विशेषणे आधी वगळावीत आणि मग काय उरते ते पाहावे.

‘राजेशाही’, ‘स्वर्गीय’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे कोणत्याही मालास चिकटविता येतात. ती खोटी ठरविता येत नाहीत. म्हणूनच ती निरुपयोगी होत. याउलट कॉफी अरेबिका की रोबस्टा, कोडगूची की चिकमगळूरची, कोणत्या तारखेस भाजलेली, तीत चिकोरी किती, ही विधाने पडताळून पाहता येतात. भाजलेल्या कॉफीचा सुगंध काही आठवड्यांत ओसरू लागतो, दळलेल्या कॉफीचा त्याहूनही लवकर. तेव्हा जो व्यापारी भाजल्याची तारीख सांगतो, तो स्वतःस शब्दाने बांधून घेतो. चिकोरीमिश्रित कॉफीत निदान ५१ टक्के कॉफी असावी आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असा आपल्या देशात नियम आहे. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. ते मिसळण्यात पाप नाही. दक्षिणेत कित्येकांस तीच चव प्रिय आहे. दोष आहे तो कॉफीचे गुणगान ठळक अक्षरांत आणि चिकोरीचे प्रमाण बारीक अक्षरांत छापण्याचा.

काही शब्द खोटे नसूनही फसवितात. कॉफीवरील ‘एए’ ही खूण दाण्याच्या आकाराची आहे, चवीची नव्हे. चहावरील ‘ऑरेंज पेको’ या नावाचा संत्र्याशी संबंध नाही. ती पानाची प्रत आहे. प्रामाणिक व्यापारी हे एका ओळीत समजावून सांगतो. अप्रामाणिक व्यापारी ग्राहकाच्या गैरसमजावर नफा मिळवितो.

स्थळांच्या नावांचेही तसेच आहे. काणकोणातील खोला मिरची आणि बाजारातील कोणतीही लाल मिरची यांतील भेद गोमंतकातील गृहिणीस सांगावा लागत नाही. दार्जिलिंगच्या चहास भारतात सर्वप्रथम, २००४ साली, भौगोलिक मानांकन मिळाले. कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरी येथील अरेबिका कॉफीस ते २०१९ साली लाभले. त्या डोंगरउतारांवर हातांनी पाने आणि फळे खुडणाऱ्यांच्या श्रमांतून ही नावे मोठी झाली आहेत. असे नाव लावून दुसराच माल विकणे म्हणजे केवळ ग्राहकाची फसवणूक नव्हे. ती त्या श्रमांची चोरी होय.

यावर कोणी म्हणेल, “चव ही उपमेवाचून सांगणार कशी?” आक्षेप यथार्थ आहे. गुळाची वा संत्र्याच्या सालीची आठवण देणारी चव असे व्यापाऱ्याने खुशाल लिहावे. परंतु उपमेस आधी उपमेय हवे. कॉफी कोणती, कोठली, हेच न सांगता केवळ गुळाची गोडी वर्णन करणे म्हणजे वराचा पत्ता नसता वरातीचे वर्णन करणे होय.

दुसरा आक्षेप असा की, हे श्रीमंतांचे सोपस्कार. साधी भुकटी उकळणाऱ्या घरांस त्यांचे काय? आम्हांस उलटच वाटते. ज्याची मिळकत थोडी, त्यास प्रत्येक रुपया मोलाचा; सुंदर शब्दांसाठी जादा दाम मोजणे त्यासच परवडणारे नाही.

विद्यार्थ्यांनी घरातील चहाची वा कॉफीची एक पुडी घ्यावी. तीवरील विशेषणांवर काट मारावी आणि स्थळ, प्रमाण, प्रत व तारीख सांगणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढावी. रेघा अधिक की काटा अधिक, हे मोजल्यावर त्या व्यापाऱ्याविषयी आणखी कोणास विचारावयाची गरज उरणार नाही. व्याकरणाच्या तासाचा हा उपयोग परीक्षेतील गुणांहून कमी महत्त्वाचा नाही, असे आम्हांस वाटते.