घरांतलें विज्ञान : गुलाबी दिव्याच्या पोटांत

दिवाळीच्या सुमारास बाजारांत विजेच्या दिव्यांच्या ज्या माळा येतात, त्यांतील तांबड्या-हिरव्यांचें आतां कोणास कौतुक राहिलेलें नाहीं. मुलांना गुलाबी, जांभुळी, मोरपिशी अशा माळा हव्या असतात. आणि वडील मंडळी किंमत ऐकून नाक मुरडीत कां होईना, पण त्या घेतात. या माळांतील चिमुकल्या दिव्यांस, म्हणजे एलईडींस, एक प्रश्न अवश्य विचारावा. गुलाबी रंग सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत मुळीं नाहींच, तर तो यांच्यापाशीं आला कोठून?

न्यूटननें लोलकांतून सूर्यकिरण पाडले तेव्हां तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जो पट्टा उमटला, त्यांत गुलाबीस किंवा किरमिजीस जागा नव्हती. या छटा पट्ट्याचीं दोन टोंकें एकमेकांत मिसळलीं तरच मिळतात. म्हणून १७०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथांत त्यानें रंगांचें वर्तुळ काढून तीं टोंकें जोडून टाकलीं. तात्पर्य, गुलाबी रंगाला स्वतःची अशी तरंगलांबी नाहीं. डोळा आणि मेंदू मिळून तो घडवितात.

उलट साधा एलईडी हा मोठा एकमार्गी प्राणी आहे. त्यांतील स्फटिकाचा कण ज्या द्रव्याचा, त्या द्रव्यास साजेल अशाच एका अरुंद पट्ट्यांत तो प्रकाश देतो. तांबड्याचा भर सुमारें ६२५ नॅनोमीटरवर, हिरव्याचा ५२५ च्या आसपास, निळ्याचा ४५० ते ४७०. आणि पट्ट्याची रुंदी बहुधा वीस-तीस नॅनोमीटर. तांबडा दिवा निक होलोनियाक यांनीं १९६२ सालींच केला होता, परंतु तेजस्वी निळ्यासाठीं जगाला १९९३ पर्यंत वाट पाहावी लागली. जपानांत शुजी नाकामुरा यांनीं तो सिद्ध केला, आणि आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. एका निळ्या दिव्यासाठीं एवढा गौरव कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण आपल्या माजघरांतच टांगलेलें आहे. आपला 'पांढरा' दिवा म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पसरलेला पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप. निळ्याचा कांहीं भाग लेपांत शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, उरलेला तसाच निसटतो, आणि दोहोंच्या मिश्रणाला आपण पांढरें म्हणतों.

हें सारें डोळ्यांनीं पाहण्यास महागडें यंत्र लागत नाहीं. घरांत एखादी टाकाऊ डीव्हीडी असेलच. तिच्या एका मिलिमीटरांत सुमारें १३५० रेघा असतात, आणि त्या लोलकाचें काम उत्तम करतात. कडेकडून कात्रीनें तुकडा कापावा, त्याचे दोन पापुद्रे नखानें सोडवावे, आणि चकचकीत थर निघून गेलेला पारदर्शक पापुद्रा घ्यावा. चपलांच्या खोक्यास आंतून काळा कागद लावून एका टोंकास अगदीं अरुंद उभी फट ठेवावी. दुसऱ्या टोंकाच्या भोकावर तो पापुद्रा असा चिकटवावा कीं त्यावरील रेघा फटीला समांतर येतील. आंत पाहतांना नजर फटीवर न ठेवतां बरीच बाजूला न्यावी. तेथें वर्णपट दिसेल. रेघांची दिशा चुकली तर कांहींच दिसत नाहीं, आणि धीर सुटतो तो बहुधा येथेंच.

नुसत्या पाहण्यानें मोजमाप होत नाहीं. त्यासाठीं अडगळींतला जुना सीएफएल दिवा उपयोगी पडतो. त्यांतील पाऱ्याची निळी रेघ ४३६ नॅनोमीटरवर आणि हिरवी ५४६ वर ठरलेली आहे. भोकाशीं मोबाइलचा कॅमेरा पक्का बसवून आधीं तिचें छायाचित्र घ्यावें, आणि मग खोकें वा कॅमेरा तसूभरहि न हलवितां आपल्या दिव्याचें. दोन रेघांतील अंतर चित्रांत ५५ मिलिमीटर भरलें, तर एक मिलिमीटर म्हणजे २ नॅनोमीटर. आणि निळीपासून हिरवीकडे ७ मिलिमीटरांवर दिसणारा उजेड ४५० चा. रंगाची जागा अशी बऱ्यापैकीं मिळते. उजळपणाची तुलना मात्र या चित्रांवरून करूं नये. कॅमेरा त्यांत स्वतःच्या पदरचें पुष्कळ घालतो.

आतां गुलाबी माळ लावून पाहावी. बहुतेक वेळां निळ्यांत एक टोंकदार शिखर आणि नारिंगी-तांबड्यांत एक पसरट टेकडी दिसेल. म्हणजे पांढऱ्याचाच हा भाऊ. केवळ लेप वेगळा. कांहीं दिव्यांत पांढऱ्यावर गुलाबी रंग चढविलेला असतो. जांभुळी दिव्यांत मात्र दोन जाती निघतात. एकींत निळा व तांबडा हे दोघे भागीदार. दुसरींत ४०० च्या आसपास एकच अंधुक रेघ. ही दुसरी जात नोटा तपासण्याच्या बॅटरींत आढळते. डोळ्यास ती मंद भासते म्हणून निरुपद्रवी समजूं नये. तिच्यांतील बराच प्रकाश आपणांस दिसतच नाहीं. मुलांना तिच्याकडे रोखून पाहूं देऊं नये.

गृहिणींना या मोजमापाचा खरा उपयोग कापडाच्या दुकानांत आहे. एका ओळखीच्या घरीं मुलीच्या लग्नाचा तांबडा शालू दुकानांत पसंत झाला आणि त्याला जुळणारें ब्लाउजचें कापडहि तेथेंच घेतलें. घरीं अंगणांत उलगडतांच एक डाळिंबी आणि दुसरें विटकरी! लबाडी कोणाचीच नव्हती. स्वस्त पांढऱ्या दिव्यांत गडद तांबडा प्रकाश अत्यल्प असतो आणि निळ्याच्या पुढें आकाशी भागांत एक खळगा असतो. जो रंग दिव्यांतच नाहीं तो कापड परत कोठून देणार? वेगवेगळ्या रंगांत बुडविलेलीं दोन कापडें त्यामुळें एका प्रकाशांत जुळतात आणि दुसऱ्यांत भांडतात. म्हणून लग्नाचें कापड दारापर्यंत उजेडांत नेऊन पाहणारी आजी ही चिकित्सक नव्हे, शास्त्रशुद्ध आहे.

लेपाचें महत्त्व अमेरिकेंत लोकांना रस्त्यावर कळलें. मिलवॉकीसारख्या कांहीं शहरांत २०२१ च्या सुमारास रस्त्यांवरील पांढरे दिवे एकामागून एक जांभळे दिसूं लागले. नाना तर्क झाले. कारण साधेंच होतें : स्फुरद्रव्याचा थर कणापासून सुटला आणि आंतला निळा प्रकाश उघडा पडला. घरांतला एखादा जुना पांढरा दिवा अलीकडे निळसर वाटत असेल, तर तो टाकून देण्यापूर्वीं खोक्यांतून एकदां पाहावा, आणि त्याच जातीच्या नव्या दिव्याचें चित्र शेजारीं ठेवावें. पिवळा भाग किती ओसरला आहे, तें मुलांनाहि चटकन ओळखतां येईल.