समुद्रावरचे माप आणि मापातील पाप

दुकानदाराच्या काट्याकडे नजर ठेवून उभे राहणे, हा आपल्याकडील गिऱ्हाइकाचा जुना शिरस्ता आहे. रेशनच्या दुकानातील साखरेचे वजन, एके काळी रॉकेलच्या मापावर येणारा फेस, पेट्रोल पंपावरील आकड्याचे शून्य, या साऱ्यांकडे सामान्य माणूस डोळ्यांत तेल घालून पाहतो. कारण मापात पाप असू शकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. हेच पाप भरसमुद्रात, शेकडो टनांच्या व्यवहारात, वर्षानुवर्षे राजरोस चालत आले. ते रोखण्यासाठी सिंगापूरने गेल्या काही वर्षांत जे केले, त्याचा विचार बंदरांपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. यंत्र आणि प्रामाणिकपणा यांचे नाते काय, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

आगबोटींच्या काळात कोळसा साठविण्याच्या कोठीला बंकर म्हणत. कोळसा गेला, तेल आले. पण जहाजात इंधन भरण्याच्या व्यवहाराला बंकरिंग हे नाव कायमचे चिकटले. या व्यवसायात सिंगापूर जगात पहिले आहे. मुंबईपेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या आणि स्वतःची एकही तेलविहीर नसलेल्या या बंदराने २०२४ साली ५ कोटी ४९ लाख टन इंधन जहाजांना विकले. यात शेकडा एक टनाचीही लबाडी झाली असे धरले, तर साडेपाच लाख टन तेल कागदावर दिले गेले आणि टाकीत मात्र पोहोचलेच नाही, असा हिशेब होतो. हा तोटा जहाजमालकाचा, असे वरवर वाटते. पण इंधन हा जहाजाच्या खर्चातील मोठा भाग असल्याने अखेर तो भाड्यात मिळविला जातो, आणि भाडे मालाच्या किमतीत.

जुनी पद्धत साधी होती, आणि म्हणूनच फसवी होती. पुरवठा करणाऱ्या तेलबोटीच्या टाकीत वजन लावलेली मोजपट्टी सोडायची, तेलाची खोली पाहायची, कोष्टकावरून घनफळ काढायचे, मग तापमान व घनता लक्षात घेऊन त्याचे टन करायचे. यातील प्रत्येक पायरीवर हातचलाखीला वाव होता. तापमान दोन अंशांनी कमी लिहिले की तेल कागदावर वाढते. टाकीचे कोष्टकच खोटे असले तर पट्टी खरी असूनही उपयोग नाही. सर्वांत नामी युक्ती म्हणजे तेलात हवा फुंकणे. तेल फेसाळते, पातळी वर चढते, आणि काही तासांनी फेस बसला की जहाजाच्या टाकीतील तेल खाली गेलेले दिसते. खलाशांनी या प्रकाराला ‘कॅपुचिनो’ कॉफीचे नाव दिले. तोवर तेलबोट निघून गेलेली असते आणि पावतीवर जहाजाच्या चीफ इंजिनिअरची सही झालेली असते. वाद घालावा तर जहाज खोळंबते, आणि खोळंब्याचा खर्च तुटीपेक्षाही जास्त होतो. गप्प बसणे परवडते, तेथे चोरी फोफावते.

सिंगापूरने १ जानेवारी २०१७ पासून जड इंधनासाठी आणि १ जुलै २०१९ पासून हलक्या इंधनासाठी तेलबोटींवर वस्तुमान-प्रवाहमापक बसविणे सक्तीचे केले. अशी सक्ती करणारे ते जगातील पहिले बंदर. या यंत्रामागील तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस याने १८३५ साली मांडले होते. कंप पावणाऱ्या नळीतून द्रव वाहू लागला की नळीला किंचित पीळ पडतो. जितके वस्तुमान अधिक, तितका पीळ अधिक. म्हणजे येथे घनफळाचे टन करण्याची खटपट नाही. मोजले जाते ते थेट वस्तुमान. फेसात तेलापेक्षा हवाच अधिक असेल, तर ती लबाडी यंत्राच्या नोंदीत उघडी पडते. या मोजमापात शेकडा अर्ध्या टनापेक्षा अधिक अनिश्चितता चालत नाही, आणि प्रत्येक पुरवठ्यामागे तीन तासांपर्यंत वेळ वाचतो.

पुढची पायरी कागदाची. आंतरराष्ट्रीय करारानुसार इंधनाची पावती जहाजावर तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ती हाताने लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली, कधी खाडाखोड केलेली असे. १ एप्रिल २०२५ पासून सिंगापूरमधील पुरवठादारांना ही पावती डिजिटल स्वरूपात देणे बंधनकारक झाले. यामुळे वर्षाकाठी सुमारे ४०,००० मनुष्यदिवसांचे काम वाचेल, असा तेथील बंदर प्राधिकरणाचा अंदाज आहे. कारकुनी करणाऱ्या वाचकाच्या मनात येथे शंका येईल, की वाचलेले दिवस म्हणजे गेलेल्या नोकऱ्या तर नव्हेत? ही शंका रास्त आहे आणि ती थट्टेवारी नेणे योग्य नाही. तथापि, एकच आकडा चार ठिकाणी उतरविणे हे काम माणसाच्या बुद्धीला शोभणारे नाही. आकडा खरा आहे की नाही हे तपासणे, हे मात्र शोभणारे आहे. पहिल्या कामावरील माणसे दुसऱ्या कामाकडे वळविण्याची जबाबदारी यंत्र आणणाऱ्यांनीच घेतली पाहिजे.

कारण तपासणीची गरज यंत्राने संपलेली नाही. प्रवाहमापकाजवळ लोहचुंबक लावून मोजणी बिघडविण्याचा उद्योग सिंगापूरमध्येच झाला, आणि परवाने रद्द करण्याची पाळी आली. २०१८ साली तेथील पुलाव बुकोम बेटावरील तेलशुद्धीकरण कारखान्यातून वर्षानुवर्षे चाललेली चोरी उघडकीस आली. तीन लाख टनांहून अधिक तेल आतल्याच माणसांनी परस्पर विकले होते, आणि मोजणी तपासण्यासाठी नेमलेल्या काही निरीक्षकांनी लाच घेऊन डोळे मिटले होते. कुंपणानेच शेत खाल्ले, तर तारा कितीही नव्या असोत, काय उपयोग? पुढे २०२२ साली सुमारे २०० जहाजांना दूषित इंधन मिळाले आणि त्यांतील सुमारे ८० जहाजांच्या इंजिनांत वा पंपांत बिघाड झाल्याच्या तक्रारी आल्या. मापात कसूर नव्हती; मालात होती. डिजिटल पावती किती दिले ते सांगते; काय दिले ते प्रयोगशाळेतच कळते.

तरीही या मोजमापाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. ५,००० टन व त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजांना २०१९ पासून इंधनाच्या खपाची नोंद करून ती दरवर्षी कळवावी लागते. मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी २.८९ टक्के वायू २०१८ साली जहाजांमुळे हवेत गेले, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा हिशेब आहे. प्रदूषणावर कर बसवायचा की बंधन घालायचे, हा वाद पुढे चालेल. पण जाळलेल्या तेलाचा आकडाच खोटा असेल, तर त्यावर उभारलेला प्रत्येक नियम वाळूवरचा किल्ला ठरेल.

आता आपल्याविषयी. पूर्वेला सिंगापूर, पश्चिमेला फुजैरा आणि दक्षिणेला कोलंबो, यांच्यामधून जगाचा मोठा जहाजमार्ग आपल्या किनाऱ्याजवळून जातो. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली. त्यावर स्थानिक मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकले गेले पाहिजेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण बंदरे वाढवायची आणि येणाऱ्या जहाजांनी इंधन येथेच भरावे अशी इच्छा धरायची, तर धक्क्याची लांबी आणि पाण्याची खोली पुरेशी नाही. ज्या बंदरातील काट्यावर विश्वास नाही, तेथे जहाज स्वस्त तेलासाठीही थांबत नाही. रॉटरडॅम आणि अँटवर्प-ब्रुज या बंदरांनीही २०२६ च्या आरंभापासून मोजणी-यंत्रे सक्तीची केली, ती याच जाणिवेतून. आपण हा नियम मोठा व्यापार आल्यानंतर करू म्हटले, तर व्यापार येण्यापूर्वी लबाडीच तेथे घर करील.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांतील मुले आज परदेशी जहाजांच्या इंजिनखोलीत काम करतात. मध्यरात्री, परक्या बंदरात, पावतीवर सही करण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. खोट्या आकड्यावर सही नाकारण्याचे बळ त्यांना केवळ वैयक्तिक धैर्यातून मिळावे, अशी अपेक्षा समाजाने करू नये. यंत्राने त्यांना पुरावा द्यावा आणि कायद्याने आधार. पुराव्यामागे शिक्षा करणारी व्यवस्था खंबीरपणे उभी नसेल, तर पाप तेच राहील. फक्त त्याची नोंद अधिक सुवाच्य अक्षरांत होईल.