एक किल्ली, अनेक दारे

१८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. त्या काळात पेढीचा सारा कारभार रोजमेळ आणि खतावणी या दोन वह्यांत मावत असे, आणि त्या वह्या मुनीमजींच्या गादीजवळच्या पेटीत बंद असत. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असे.

आज खामगाव, मलकापूर, चिखली किंवा नांदुरा येथील मध्यम व्यापारी कुटुंबाचा कारभार पाच-सहा ठिकाणी विभागलेला आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगळे, गोदामातील साठ्याचे वेगळे, कर्मचाऱ्यांच्या हजेरी-पगाराचे पोर्टल वेगळे. शिवाय जीएसटी, ई-वे बिल आणि बँक आहेतच. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड लागतो. परिणामी पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले जातात, किंवा शेठजींच्या एकाच नावाने मुनीमजी, पुतण्या, सून आणि संगणकावरील मुलगा असे सर्वजण काम करतात. सिंगल साइन-ऑन, म्हणजेच एकाच प्रवेशाची व्यवस्था, या अडचणीवरचा उपाय आहे. कर्मचाऱ्याने सकाळी कर्मचारी-पोर्टलवर एकदा ओळख पटवायची. त्यानंतर हिशेबाचे किंवा साठ्याचे सॉफ्टवेअर उघडताना त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही.

ही कल्पना व्यापारी समाजाला नवी वाटण्याचे कारण नाही. हुंडीचा व्यवहार याच तत्त्वावर चालत असे. परगावच्या पेढीवर हुंडी घेऊन जाणाऱ्या माणसाला तेथील शेठजी ओळखत नसत, पण हुंडी लिहिणाऱ्याची सही ते ओळखत. येथे कर्मचारी-पोर्टल ही हुंडी लिहिणारी पेढी आहे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर ही हुंडी वटवणारी पेढी. कर्मचाऱ्याने सॉफ्टवेअरच्या चिन्हावर बोट ठेवताच पोर्टल एक डिजिटल चिठ्ठी लिहिते. हा माणूस कोण, ही चिठ्ठी कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, ती केव्हा लिहिली आणि कधीपर्यंत ग्राह्य, एवढे तिच्यात असते. खाली पोर्टलची डिजिटल सही असते. सॉफ्टवेअर ती सही तपासते आणि दार उघडते. कर्मचाऱ्याचा पासवर्ड सॉफ्टवेअरपर्यंत जातच नाही. ही चिठ्ठी नामजोग हुंडीसारखी एकाच व्यक्तीच्या नावाची असते आणि तिची मुदत बहुधा काही मिनिटांचीच असते. वटलेल्या हुंडीचा जसा खोका होतो, तशी एकदा वापरलेली चिठ्ठी दुसऱ्यांदा चालू नये, अशीही तजवीज असते. या चिठ्ठीची प्रमाणित भाषा ‘सॅमल’ या नावाने ओळखली जाते. तिची आज रूढ असलेली दुसरी आवृत्ती २००५ मधील आहे. ‘ओपनआयडी कनेक्ट’ ही नंतरची पद्धत २०१४ मधील.

जोडणीचे काम जाणकाराकडून करून घ्यावे, पण चार गोष्टी मालकाने स्वतः विचाराव्यात. पहिली, दोन्हीकडची ओळख जुळते का? पोर्टलमध्ये कर्मचाऱ्याचा ई-मेल एक आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरा असेल, तर सही खरी असूनही दार उघडत नाही. दुसरी, दोन्ही संगणकांची घड्याळे बरोबर आहेत का? घड्याळ काही मिनिटे मागे-पुढे असले, तर ताजी चिठ्ठीही मुदतबाह्य ठरू शकते. तिसरी, सहीच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते? ती संपून नवे प्रमाणपत्र बसवलेले नसेल, तर एखाद्या सकाळी साऱ्या कर्मचाऱ्यांसमोर दार बंद होऊ शकते. ही तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणे कॅलेंडरवर लिहून ठेवावी. चौथी, पोर्टलच बंद पडले तर काय? बँकांमध्ये तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच शाखेत ठेवत नाहीत. त्या मोहोरबंद करून अन्यत्र ठेवतात आणि त्यांची नोंद असते. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये थेट प्रवेशाचे एक आपत्कालीन खाते असावे, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात कुटुंबातील जबाबदार व्यक्तीकडे असावा.

येथे एक भेद समजून घेणे अत्यावश्यक आहे. प्रवेश वेगळा आणि अधिकार वेगळा. पोर्टलची चिठ्ठी फक्त माणूस कोण ते सांगते. त्याने काय करावे, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवावे लागते. गोदामातील कर्मचाऱ्याला साठा दिसावा, पण उधारीची खाती दिसू नयेत. देयकाची नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, ही बँकांमधील जुनी शिस्त पेढीलाही तेवढीच उपयोगी आहे. सर्वांना सर्वाधिकार देऊन जोडणी केली, तर दारे वाढतात आणि पहारा तेवढाच राहतो.

कायद्याचा संबंध येतो तो येथेच. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांनी असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही, असा नियम आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन केलेल्या कुटुंबांनाही तो लागू आहे. परंतु पाच जण एकाच नावाने काम करत असतील, तर त्या नोंदीतून काय निष्पन्न होणार? रक्कम बदलली हे दिसेल. कोणी बदलली, याचे उत्तर पाचही वेळा ‘शेठजी’ असेच येईल.

हा केवळ चोरी पकडण्याचा प्रश्न नाही. एखाद्या खात्यात तफावत आली की संशय प्रथम जातो तो पगारी माणसावर. वीस वर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या मुनीमजींना त्या वेळी आपले निर्दोषत्व दाखवण्यास काहीही आधार नसतो, कारण त्यांच्या नावाची स्वतंत्र नोंदच नसते. सामायिक पासवर्डमुळे दोषी माणूस लपतो आणि निर्दोष माणूस उघडा पडतो. प्रत्येकाला त्याच्या नावाचा प्रवेश देण्यात अविश्वास नाही. उलट त्याच्या प्रतिष्ठेचे ते संरक्षण आहे.

कर्मचारी नोकरी सोडतो, तेव्हा या व्यवस्थेचा खरा लाभ कळतो. पोर्टलवर त्याचे नाव बंद केले की जोडलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे दार त्याला बंद होते. मात्र आधीच उघडलेले काम काही काळ चालू राहू शकते, म्हणून तेही बंद करवून घ्यावे. सॉफ्टवेअरचे जुने थेट पासवर्ड रद्द केले आहेत ना, हेही पाहावे. जीएसटी, ई-वे बिल आणि बँक यांची दारे पेढीच्या पोर्टलला जोडलेली नसतात. ई-वे बिलाच्या व्यवस्थेत कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र उप-वापरकर्ते करता येतात आणि १ एप्रिल २०२५ पासून तेथे सर्व करदात्यांना पासवर्डसोबत दुसरी पडताळणीही आवश्यक झाली आहे. ओटीपी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर जात असेल, तर ती पडताळणी निरर्थक ठरते. म्हणून निरोपाच्या दिवशीच क्रमांक बदलावा.

एक धोका मात्र आहे. सर्व दारांना एकच किल्ली असेल, तर ती हरवल्यास सर्व दारे उघडी. म्हणून पोर्टलच्या प्रवेशाला पासवर्डसोबत मोबाइलवरील दुसरी पडताळणी असलीच पाहिजे. ती नसेल, तर ही जोडणी न केलेली बरी.

दोन माणसांच्या दुकानाला या खर्चाची आवश्यकता नाही. जुन्या पद्धतीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते, हेही आधी विचारून घ्यावे. पण दहा-पंधरा कर्मचारी आणि दोन पिढ्या एकत्र काम करत असतील, तर विचार अवश्य करावा. जोडणीपूर्वीचे काम मात्र आजच आणि बिनखर्चाने होऊ शकते. कोणाकडे कोणता पासवर्ड आहे, त्याची यादी करावी, सोडून गेलेल्यांची नावे काढावीत आणि जे आहेत त्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाने काम करू द्यावे.