नाव बाजाराने ठेवले, हक्क कोणाचा?

अकोला-अमरावतीच्या कापड बाजारात नवा रंग उतरला की त्याला नाव व्यापारी ठेवतो. आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, राणी ही नावे गिऱ्हाइकाच्या तोंडी बसली आहेत. पण ज्या रंगाऱ्याने तो रंग प्रथम काढला, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. याला आपण बाजाराचा रिवाज म्हणतो. माझ्या मते हा रिवाज बदलला पाहिजे.

अमेरिका-युरोपात पाळीव सापांच्या पैदाशीचा मोठा व्यापार चालतो. आपल्याकडे देशी साप पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण तिथला एक प्रघात ऐकण्यासारखा आहे. वेगळ्या रंगाचे पिल्लू निघाले, तर तो रंग पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवावे लागते. आणि ज्याने ते दाखवले, नाव ठेवण्याचा मान त्याचा.

आपल्या विदर्भात नेमके उलट घडले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे छोटे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या शेतात पिवळसर दाण्यांच्या काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी निराळे ठेवले, वर्षानुवर्षे पेरून निवडले आणि नवे वाण तयार केले. 1990 च्या सुमारास ते तळोधीच्या बाजारात आले तेव्हा त्याला नावच नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून एका व्यापाऱ्याने तेच नाव ठेवले. धान चालले, पण नावात दादाजी कुठेच नव्हते. 1994 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून 5 किलो बियाणे नेले आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केले. आम्ही बियाणे शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. दादाजींना पुढे मानसन्मान मिळाले, पण 2018 मध्ये ते गेले तेव्हाही घरची ओढाताण संपली नव्हती. त्यांच्या नंतरच्या एका वाणाचे नाव डीआरके आहे. ती त्यांच्याच नावाची अक्षरे आहेत.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याने नाव दिले नसते तर माल खपलाच नसता. हे खरे आहे. नाव देणे हेही एक हुनर आहे. पण नाव ठेवणाऱ्याने करणाऱ्याची ओळख पुसावी, असे कोणत्या तिजारतीत लिहिले आहे?

आता कायदाही आहे. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकरी आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो, आणि त्याला नोंदणी फी नाही. वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर असावे लागते. नाव नुसत्या आकड्यांचे किंवा दिशाभूल करणारे चालत नाही. नोंदलेले नाव दुसऱ्याच बियाण्याला लावले, तर तीन महिने ते दोन वर्षे कैद किंवा पन्नास हजार ते पाच लाख दंड, किंवा दोन्ही. बियाणे विकणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

छपाई-विणकाम करणाऱ्यांसाठी 2000 चा डिझाइन कायदा आहे. रेषा किंवा रंगांची नवी मांडणी नोंदवली तर दहा वर्षे आणि पुढे वाढवून आणखी पाच वर्षे हक्क राहतो. मात्र माल बाजारात दाखवण्याआधी अर्ज करावा. नमुना आधी फिरला तर हक्क गेला.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने वैदेही-95 हे तपकिरी कापसाचे वाण काढले आहे. या कापसाला रंगवावे लागत नाही. बोंडातूनच रंग येतो. असे कापड उद्या आपल्या दुकानात येईल, तेव्हा गिऱ्हाइकाला भावेल ते नाव खुशाल द्या. पण बिलावर आणि लेबलावर मूळ वाणाचे नाव ठेवा. नवा रंग कारागिराने आणला असेल, तर त्याचे नाव लिहा. यात व्यापाऱ्याचा एक पैसाही जात नाही, आणि कारागिराला उद्याचा भाव मागता येतो.